आमेन कोणी म्हणायचं

पातेल्यावरचं झाकण ओट्यावरून घसरलं, फरशीवर आदळलं आणि आडवं पडायच्या ऐवजी कडेवर उभं राहून गरगरत बसलं. आधी मोठ्यानं, मग बारीक, मग नुसतंच घुंई करत. सकाळपासून घरात माणसाचा आवाज नव्हता, त्यामुळं ते झाकण जरा जास्तच बोलतंय असं वाटलं.

ते आम्हा दोघींच्या बरोबर मध्ये फिरत होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, गॅसपाशी आणि मी खाली मेथी निवडत. कुणीही पायाचा अंगठा पुढं केला असता तर थांबलं असतं. पण जी थांबवील तिनंच पाडलं असं ठरलं असतं. म्हणून आम्ही दोघी बघत राहिलो.

"काय पडलं?" बाहेरच्या खोलीतून माझ्या नवऱ्यानं, दानीनं विचारलं.

आत्याबाईंना वाटलं मी सांगीन. मला वाटलं त्या सांगतील.

"कुणी आहे का घरात?" थोडा वेळ थांबून तो स्वतःशीच म्हणाला, "असो."

मग खाट करकरली. म्हणजे तो भिंतीकडं वळला. आत्याबाईंशी अबोला धरून मी जगू शकत होते, पण त्या 'असो'ची मला फार भीती वाटायची.

दानी वायरमन होता. गावातल्या प्रत्येक खांबावर चढलेला. आणि हा माणूस नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या देवळाच्या कौलांवरून खाली आला. चर्चला आमच्याकडं देऊळच म्हणतात. नगरच्या पुढं नेवाशाच्या वाटेला मिशनचं जुनं कंपाऊंड आहे, त्यातलं हे बसकं, कौलारू देऊळ. दर वर्षी त्याच्यावर पुरुषभर उंचीची चांदणी लावतात, कामट्यांची, लाल जिलेटीन कागदाची. दानीनं एक बाजू बांधली, दुसरी बांधायला सरकला आणि पायाखालचं कौल फुटलं.

आत्याबाईंचं म्हणणं, मी शिडी सोडून चिंचा वेचायला गेले. गेले होते. पोटात बाळ होतं आणि झाडाखाली हिरव्या चिंचा पडलेल्या. पण तो शिडीवरून पडलाच नाही, कौलावरून पडला. माझं म्हणणं, सकाळी कौलं दवानं ओली होती, तो दुपारी चढतो म्हणत होता आणि आत्याबाईंनीच घाई केली, कारण दुपारी शेजारचा पीटर लावून मोकळा झाला असता आणि यंदा चांदणी आमच्याच घराकडून लागायला हवी होती. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आम्ही हे एकमेकींना एकदा सांगितलं. त्यानंतर बोलणं बंद.

दानीच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना नगरचे डॉक्टर म्हणाले, "हाड जुळतंय. नस शाबूत आहे. आता घरी धरून धरून उभं राहायचं. रोज. नाहीतर पाय विसरून जातील."

"विसरू दे," दानी म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ईस्टरच्या आत मला हा उभा दिसला पाहिजे," ते त्याला सोडून मला म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

उभं राहायला धरायचा स्टीलचा वॉकर आणला होता. दानी त्याच्यावर ओला पंचा वाळत घालायचा.

देवळाचे पाळकसाहेब भेटायला आले. चहा झाला. ते म्हणाले, "चला, दानिएलसाठी सगळे मिळून प्रार्थना करू."

"करा साहेब," दानी म्हणाला, "फक्त माझं नाव वगळून करा. मी त्या रांगेतून बाहेर पडलोय. पुढच्याचा नंबर लागू दे."

पाळकसाहेबांनी कप उचलला. तो रिकामा होता. तरी त्यांनी एक घोट घेतला.

त्या दिवसापासून दानीनं आम्हालाही ताकीद दिली, घरच्या प्रार्थनेत माझं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर मी जेवणार नाही.

आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळेपासून दिवेलागणीला प्रार्थना होते. एक गीत, एक स्तोत्र, आणि मग ज्यानं त्यानं डोळे मिटून मोठ्यानं मनातलं मागायचं. मागणारा शेवटी आमेन म्हणतो आणि ऐकणारेही म्हणतात, आमेन. म्हणजे तसंच होवो. म्हणजे तू जे मागितलंस त्याच्यावर माझी पण सही. आधी सगळे बाहेरच्या खोलीत बसायचे. आता आम्ही दोघी आत स्वयंपाकघरात बसू लागलो, मध्ये पडदा. आत्याबाई भिंतीला टेकून, मी गॅसपाशी.

झाकणाच्या त्याच संध्याकाळची गोष्ट. आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला, डोळे घट्ट मिटले. त्यांनी मिशनच्या बोर्डिंगात तीस वर्षं स्वयंपाक केलेला. शंभर मुलींच्या कलकलाटावरून हाक मारायची सवय, त्यामुळं त्यांची प्रार्थना दोन घरं पलीकडं जायची.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," त्या म्हणाल्या, "आजच्या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. त्यात मीठ असतं तर आणखी मानले असते."

मी एक डोळा उघडला. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

"तुझ्या लेकरांनी फार मागू नये हे मला कळतं. पण ज्यांच्या नावाचा अर्थच चांगली बातमी असा आहे, त्यांच्या तोंडून दिवसातून एखादी तरी आमच्या कानी पडू दे. येशूच्या नावानं मागते, आमेन."

माझं नाव सुवार्ता.

आता मी आमेन म्हणायचं होतं. सही करायची होती. माझ्या तोंडातून ते निघेना. शेवटी मी घसा साफ केला.

"हे प्रभू, मीठ डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय हे तुला माहीत आहे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनाही माहीत आहे. तरी ते काल दुपारी लोणच्याच्या बरणीत बोट घालताना तुला दिसलेच असतील, कारण तुझ्यापासून काही लपत नाही. मला पण दिसले. आमेन."

आत्याबाई आमेन म्हणाल्या नाहीत. त्यांनी मोठा श्वास घेतला.

"पित्या, ज्या बरणीविषयी आत्ताच तुझ्या कानावर घातलं गेलं, ते लोणचं मी माझ्या हातानं घातलंय. बोट माझं, बरणी माझी, कैऱ्या माझ्या. आणि दुपारी जी माणसं झोपलेली असतात असं आम्ही समजतो, ती एक डोळा उघडा ठेवून झोपतात हे आज कळलं, याबद्दल तुझे आभार. आमेन."

"हे प्रभू—"

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. खोकल्यासारखा, पण खोकला नव्हता. नाकातून निसटलेला, लगेच उशीत दाबलेला. मी तो ओळखला. त्याच्याशी लग्न केलं होतं मी. देवळात गंभीर उपदेश चालू असताना दानीला हसू आलं की असाच आवाज व्हायचा.

डिसेंबरपासून मी तो ऐकला नव्हता. मी काय बोलणार होते ते विसरले. "आमेन," मी म्हणाले. आत्याबाईंना वाटलं असावं की मी हरले. त्या समाधानानं उठल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या.

रात्री कूस बदलताना मी ठरवलं. देवाची माफी मागितली आणि ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या चहात मुद्दाम साखर कमी घातली.

संध्याकाळी आत्याबाईंनी साखरेचा विषय देवाकडं नेलाच. मी उत्तरात त्यांचं घोरणं काढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं काढलं की मी नवऱ्याला नावानं हाक मारते, "आणि तेसुद्धा अर्ध्या नावानं, पित्या. बाप्तिस्म्याला पूर्ण नाव दिलेलं आहे." मग मी त्यांच्या मशेरीचा डबा बाहेर काढला. म्हणजे प्रार्थनेत काढला. तो पिठाच्या डब्यामागं असतो हे मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"प्रभू, मशेरी लावणारीला तू टाकून देत नाहीस, यातच तुझी थोरवी आहे," मी म्हणाले.

"पित्या, पिठाच्या डब्यामागं झाडू कधीच फिरत नाही असं मी समजत होते," आत्याबाई म्हणाल्या. "फिरतो तर. फक्त ज्या दिवशी काही शोधायचं असेल त्या दिवशी."

पडद्यापलीकडं उशी दाबल्याचा आवाज.

दोघींपैकी कुणीच दुसरीच्या मागण्याला आमेन म्हणायची नाही. त्यामुळं प्रार्थना संपायचीच नाही. आमटी आटायची. पीटरची बायको म्हणाली, "तुमच्याकडं किती प्रार्थना चालते गं. खरी परीक्षा आली की माणूस गुडघ्यावर येतो." मी मान हलवली.

मला वाईट वाटायचं. मी हे दानीसाठी करत होते, पण आत्याबाई बिचाऱ्या खरंच चिडत होत्या. एवढ्या म्हाताऱ्या बाईला रोज डिवचायचं म्हणजे काय. म्हणून मी त्यांच्या पोळीला गुपचूप जास्त तूप लावायचे. त्या तूप बघायच्या, माझ्याकडं बघायच्या नाहीत. सकाळी माझ्या हाताशी दुधाचा पेला ठेवलेला असायचा, वर ताटली झाकून. कुणी ठेवला ते घरात तिघंच असल्यामुळं उघड होतं, पण त्यावर बोलायची सोय नव्हती.

एकदा मी दानीची चादर बदलत होते. त्यानं विचारलं, "त्या लोणच्याचं पुढं काय झालं?"

मी चादर तशीच धरून उभी राहिले. किती आठवड्यांनी त्यानं मला काही विचारलं होतं. पाणी दे, खिडकी लाव, असो, याच्याशिवायचं काही.

"आज कळेल," मी म्हणाले.

"आईनं परवा जो मुद्दा काढला ना, बाप्तिस्म्याचा, त्याला तू नीट उत्तर दिलं नाहीस."

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?"

"मी झोपलेला असतो तेव्हा," तो म्हणाला.

मला वाटलं, आता उठेल. मी वॉकरवरचा पंचा काढून दोरीवर टाकला. त्यानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. "सुवार्ता, पंचा होता तिथं ठेव." मी ठेवला.

असं होतं. हसणं आलं होतं, पाय येत नव्हते. पाय हलायचे. रात्री झोपेत तो कुशीवर वळताना गुडघा दुमडायचा, मी बघायचे. पण उभं राहा म्हटलं की त्याचं तोंड पांढरं पडायचं. एकदा म्हणाला, "मी उभा राहायला गेलो आणि नाही राहता आलं, तर? आत्ता निदान प्रयत्न केला नाही म्हणून पडून आहे." उपवासकाळ आठवड्यावर आला. त्याचे चाळीस दिवस, की ईस्टर, म्हणजे डॉक्टरांची मुदत.

त्या दिवसांत एका संध्याकाळी लाईट गेली होती. मेणबत्तीवर स्तोत्र वाचलं. डोळे मिटले आणि पोटातल्या बाळानं अशी जोरात लाथ मारली की माझा श्वास अडकला. दुपारभर मी भांडणाचा विषय तयार करून ठेवला होता, आत्याबाईंनी मोडलेला कपाचा कान. तो गेला कुठल्या कुठं. मला एकदम दिसलं, हे बाळ चालायला लागलंय आणि दानी खाटेवरून बघतोय.

"हे प्रभू," मी म्हणाले. पुढं काही येईना. "प्रभू, मला भीती वाटते. मला फार—"

माझा आवाज फाटला. पडद्यापलीकडं अगदी शांत झालं. एवढ्यात आत्याबाई मोठ्यानं सुरू झाल्या. माझं मागणं संपलंही नव्हतं.

"पित्या, हिला भीती वाटते म्हणे. शिडी सोडून चिंचेखाली गेली तेव्हा नाही वाटली. तेव्हा पदर भरला, ओटी भरली, मीठ लावून खाल्ल्या, आणि माझ्यासाठी दोन ठेवाव्यात, तेवढंही नाही."

मी इतकी संतापले की रडू गिळलं गेलं. "प्रभू, त्या चिंचा मी खाल्ल्याच नाहीत," मी म्हणाले. "तो पडला तेव्हा माझ्या हातातून सांडल्या. झाडाखाली जाऊन बघा म्हणावं, अजून असतील."

"म्हणजे वाया पण घालवल्या," आत्याबाई म्हणाल्या.

उशी दाबल्याचा आवाज आला. उशिरा आला, पण आला. त्या रात्री मी आत्याबाईंच्या पोळीला तूप लावलं नाही.

शनिवार उजाडला. येत्या बुधवारी राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. आणि देवळावर नाताळची चांदणी अजून तशीच, एका बाजूनं बांधलेली, वाकडी लोंबकळत. अपघातानंतर तिच्या वाटेला जायला कुणी तयार नव्हतं. संध्याकाळी मी गॅसवर दूध ठेवलं, गीत झालं, स्तोत्र झालं, आणि आत्याबाईंनी सुरुवात केली.

"हे स्वर्गीय पित्या, तुझ्या घरावर ती चांदणी बघवत नाही. मंडळीतले तरुण भितात. तेव्हा उद्या उपासनेनंतर मी स्वतः शिडी लावून चढते आणि काढते. माझे गुडघे कसे आहेत तुला ठाऊक आहे. शिडी धरायला घरात माणूस आहे, पण चिंचा आता पिकल्यात, तेव्हा त्याच्यावर भरवसा नको. तू आपले दूत पाठव. आमेन."

मी म्हणाले, "हे प्रभू, आत्ता ज्या भगिनीनं मागणं केलं तिचं वजन त्या कौलांना पेलणार नाही. सबंध देऊळ खाली येईल. त्यापेक्षा मी चढते. सहावा संपत आला म्हणून काय झालं, लहानपणी मी कंपाऊंडातल्या एकूण एक झाडावर चढलेय. आमेन."

"कुणी चढायचं नाही," बाहेरून दानी म्हणाला.

आमच्या प्रार्थनेत तो आजवर कधी बोलला नव्हता.

"पित्या," आत्याबाई म्हणाल्या, "बाहेरून कसला तरी आवाज येतोय. आमचं मन विचलित होऊ देऊ नकोस."

"आई, मी काय सांगतोय?"

"प्रभू, उद्या शिडी कुणाकडून आणायची तेवढं दाखव," मी म्हणाले.

"सुवार्ता."

"पीटरभाऊंकडं आहे, याची आठवण करून दिलीस म्हणून तुझे आभार."

"त्या शिडीच्या दोन पायऱ्या मोडक्या आहेत," दानी ओरडला. "आमेन. ऐकलं का? आमेन, आमेन. झाली प्रार्थना. डोळे उघडा दोघी."

"पित्या," आत्याबाई म्हणाल्या, "जो प्रार्थनेला बसलेला नाही, त्याचं आमेन तू धरू नकोस."

मग खाट करकरली. मी भिंतीकडं वळल्याच्या करकरीची वाट बघत होते. ही वेगळी होती, लांब. मग काहीच नाही. मग ओलं कापड जमिनीवर पडल्याचा आवाज. मग टक्. स्टीलचे पाय फरशीवर.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर प्रार्थना मोडली असती, आणि प्रार्थना मोडली असती तर त्याचा राग मोडला असता. मी बोलत राहिले. काय बोलत होते देव जाणे. कुठून कौलावर पाय द्यायचा, चांदणी सोडवायला सुरी न्यायची की विळी. आत्याबाई मधूनच म्हणत होत्या, विळी नको पित्या, विळी माझी आहे, धार जाते. त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागानं.

टक्. श्वास. पाय ओढल्याचा आवाज. टक्.

पडद्याच्या कड्या सरकल्या.

"आमेन," दानी अगदी जवळून म्हणाला.

आम्ही डोळे उघडले. तो दारात उभा होता. एक हात चौकटीला, एक वॉकरला. पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे थरथरत होते. घामानं बनियन भिजलेलं. तो आमच्याकडं रागानं बघत होता, आणि त्याला स्वतःला अजून कळलं नव्हतं की तो कुठं आहे.

आत्याबाईंनी त्याच्याकडं खालून वर बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश. मग पदर नीट केला.

"उभाच आहेस तर," त्या म्हणाल्या, "त्या दुधाखालचा गॅस बंद कर."

दानीनं गॅसकडं बघितलं. मग खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो हसू लागला, आणि हसता हसता गुडघ्यातून गेला. आम्ही दोघी उठलो कधी ते कळलं नाही. एका बाजूनं मी, एका बाजूनं त्या.

"कमरेला धर," आत्याबाई मला म्हणाल्या. दोन महिन्यांत मला थेट बोललेलं पहिलं वाक्य. "नीट धर. इथं चिंचा नाहीत."

दूध सगळं उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दानी खुर्चीवर येऊन बसला. वॉकर शेजारी होता. गीत त्यानंच धरलं, बेसूर. मग त्यानं डोळे मिटले. आम्ही दोघी वाट बघत बसलो. खूप वेळ लागला त्याला.

"प्रभू," तो शेवटी म्हणाला, "या दोघींपासून मला वाचव." मग थांबला. "आणि कालच्यासारखं उद्या पण. आमेन."

"आमेन," आम्ही दोघी म्हणालो. एकदम.

ईस्टरच्या आधी तो डॉक्टरांसमोर उभा राहिला. सरळ चालायला पुढं वर्ष गेलं. खांबावर आता चढत नाही, पंखे-मिक्सर दुरुस्त करतो, आणि थंडीत उजवा पाय जरा ओढतो.

हे सगळं परवा पुन्हा निघालं. नाताळच्या करंज्या करायला बसलो होतो. आत्याबाई लाटत होत्या, मी सारण भरत होते, आणि शेरोन, जिनं तेव्हा लाथ मारली होती, ती पाच वर्षांची बाई कातण्यानं कडा कापत होती. अर्धी कड कापायची, अर्धी खायची.

"आत्याबाई," मी म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. ती प्रार्थनेतली भांडणं मी मुद्दाम करायचे. दानी हसायचा म्हणून. तुम्हाला उगाच त्रास दिला."

त्यांनी पुरी उलटली. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. चहात साखर कमी घातली, ती पण मुद्दाम."

"ते मला कळलं होतं. तुझा चहा तसा पाणचट असतो, पण अगोड नसतो." त्या लाटत राहिल्या. "मी पण दुसऱ्या दिवसापासूनच."

"काय?"

"भिंतीला टेकून मी बसायचे. त्याची खाट त्याच भिंतीला. तुझ्याआधी मला ऐकू आलं."

माझ्या हातातलं सारण परातीत पडलं. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"आपण बोलत कुठं होतो?"

"आणि मला वाईट वाटायचं. तुम्ही खरंच चिडता असं वाटून मी तूप लावायचे."

"आणि मी दूध ठेवायचे. म्हटलं, पोटुशी पोर, आपण रोज टोचतोय." त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "पहिल्या दिवसाचं मीठ मात्र खरं होतं."

"बरणी पण खरी होती."

"बरणी खरी होती," त्यांनी कबूल केलं. मग आवाज खाली आला. "एक दिवस तू ढासळलीस. भीती वाटते म्हणालीस. तो पलीकडं ऐकत होता. तू रडली असतीस ना, तर तो पुन्हा भिंतीकडं वळला असता. मला सुचेना काही. म्हणून शिडीचं काढलं, चिंचांचं काढलं. तू चिडलीस, बरं झालं. मग तुम्ही निजल्यावर मी..." त्या थांबल्या. पुन्हा लाटणं उचललं. "जाऊ दे. पुरी वाळतेय, भर."

मी भरली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, सारण जास्त झालं, करंजी फुटली.

शेरोननं कातणं खाली ठेवलं. ती बराच वेळ गप्प होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"म्हणजे आजी, तू आणि आई लटकं भांडत होतात?"

"हो गं. लटकंच."

"बाबांना बरं वाटावं म्हणून?"

"हो."

"आणि बाबांना कळलं नाही?"

"नाही कळलं. कळलं असतं तर उठला नसता."

शेरोननं फुटकी करंजी उचलली आणि चावली. पीठ हनुवटीला लागलं. ती विचार करत होती.

"आई, बाबा पडून होते तेव्हा तू देवाला रोज सांगायचीस, तर तो काय म्हणायचा?"

"काही नाही म्हणायचा. गप्प असायचा."

आत्याबाईंचं लाटणं थांबलं. शेरोननं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग तो पण लटकाच गप्प होता का?"